शिवलेली पगडी

झरगडच्या राजेसाहेबांकडे डोक्यावर घालायच्या दोन वस्तू होत्या. एक पगडी आणि एक टोपी. पगडी चढली की त्यांना कुणाला नाही म्हणता येत नसे, आणि टोपी चढली की कुणाला काही देता येत नसे. या दोन्ही वस्तू एकाच डोक्यावर आलटूनपालटून बसत असल्यामुळे त्या डोक्याला मुंबईत 'अनुभवी नेतृत्व' म्हणत.

टोपी खादी भांडारात मिळे. पगडी बाबूभाई बांधत.

बाबूभाई शेख म्हणजे राजवाड्याचे पगडबंद. एरवी ते बसस्टँडसमोरच्या दुकानात शाळेच्या चड्ड्या शिवत, पोलिसांच्या वर्द्या ढिल्या करून देत, आणि ब्रह्मपुरीहून आलेल्या नवरदेवांच्या कोटाला बाह्या लावत. दसऱ्याच्या सकाळी मात्र दुकान बंद. त्या सकाळी बाबूभाई न्हाऊनधुऊन, अत्तर लावून, काखेत कोशाचं रेशमी कापड घेऊन राजवाड्याच्या मागच्या दाराने आत जात. त्यांचे वडील जात, आजोबा जात. आत खोलीत दोघंच. बाबूभाई उभे, राजेसाहेब बसलेले. अठरा हात कापड, तासाभराचं काम.

रीत साधी होती. दसऱ्याला राजाच्या डोक्यावर पगडी असेपर्यंत जंगलातल्या कुणीही यावं आणि मागावं. राजाने नाही म्हणायचं नाही. आणि पगडी सूर्य मावळेपर्यंत उतरत नसे. उतरवावी म्हटलं तरी सोय नव्हती. एक पेच सुटला की तिची पगडी राहत नाही, नुसतं कापड होतं, आणि ते पुन्हा बांधणारा माणूस एकच. तो तर सकाळीच अत्तराचा वास मागे ठेवून गर्दीत जाऊन बसलेला.

रीतीला एक शेपूट होतं. बांधणाऱ्याने मागायचं नाही. ज्याच्या हातात राजाचं डोकं, त्याने आपलं तोंड उघडू नये. बाबूभाईंच्या घराण्यात कुणी उघडलं नव्हतं.

जमीनदाऱ्या गेल्या तेव्हा राजेसाहेब रायपूरला राजकुमारांच्या शाळेत घोड्यावर बसायला शिकत होते. शिकून आले तेव्हा घोडा होता, राज्य नव्हतं. पुढे थोरले राजे वारले, आणि त्याच पावसाळ्यात बाबूभाईंचे वडीलही. दोघं तरुण एकाच दसऱ्याला आपापल्या बापाच्या जागी आले. एकाला बांधता येत नव्हतं, दुसऱ्याला बसता येत नव्हतं. पगडी डाव्या कानावर कलली होती. लोकांना वाटलं, नवा राजा शौकीन आहे.

राज्य गेलं होतं, पण मागणारे गेले नव्हते. सरकार बदललं हे जंगलात कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी दसरा कुठे बदलला होता? केसरबाई नावाच्या म्हातारीने राजापुढे बसून गावाला शाळेचा मास्तर मागितला. राजेसाहेब हो म्हणाले. डोक्यावर पगडी होती, दुसरं काय म्हणणार? रात्री ध्यानात आलं की मास्तर द्यायला आता आपल्याकडे मास्तर नाहीत, ते सरकारकडे आहेत. म्हणून राजेसाहेब निवडणुकीला उभे राहिले. राजकारणात माणसं नाना कारणांनी येतात. हे पगडी उतरत नव्हती म्हणून आले.

आणि मोठे झाले तेही तिच्यामुळेच. एका दसऱ्याला जंगलातल्या पोचूने धरण मागितलं, म्हणजे न होणारं धरण मागितलं. नदीवरच्या त्या धरणात पोचूच्या गावासकट जंगलातली बरीच गावं जाणार होती. पोचू राजालाही तू म्हणे. "राजा, धरन नको होऊ देऊ," एवढंच बोलून तो उठला. राजेसाहेब हो म्हणाले, आणि मग आमदार असूनही धरणाच्या जागी जाऊन बसले. उठवलं तर पुन्हा बसले. तुरुंगात गेले. धरण कागदावर राहिलं. पेपरात त्यांना 'लोकराजा' म्हणायला लागले, दिल्लीहून माणसं भेटायला आली, आणि पुढच्या दसऱ्याला पगडी बांधताना राजेसाहेब म्हणाले,

"बाबू, यंदा सैल बांध रे."

"सैल बांधली तं उतरन, सरकार."

"म्हनूनच तं म्हनतो."

दोघंही हसले. बाबूभाईंनी पेच आणखी आवळला. बाहेर शुद्ध बोलणारे राजेसाहेब त्या खोलीत इथली झाडी बोली बोलत. बाबूभाईंना वाटे, हाच खरा राजा. बाकीचा सरकारी.

पगडीच्या कापडाला तांदळाची कांजी द्यायचं काम अमिनाचं होतं, बाबूभाईंच्या बायकोचं. कांजी जास्त झाली तर कापड पापडासारखं कडकडतं, कमी झाली तर पेच बसत नाही. अमिनाची कांजी बोटाच्या अंदाजाने. ती गेली तेव्हा तिला राजवाड्यामागच्या कब्रस्तानात मोहाच्या झाडाखाली ठेवलं. ही जागा राजेसाहेबांच्या आजोबांनी नगारची, माहूत, शिंपी अशा राजवाड्याच्या मुसलमान माणसांना दिलेली. पगडीत दिलेली, म्हणून कागद नव्हता. पगडीत दिलेल्या गोष्टीचा कागद मागणं म्हणजे राजाला खोटारडा म्हणणं. अमिनाच्या उशाशी बाबूभाईंनी नदीतला एक पसरट दगड आणून लावला होता. शेजारची जागा मोकळी ठेवली होती. ती कुणासाठी, हे कुणी विचारलं नाही.

नव्वदच्या दशकात राजेसाहेब मंत्री झाले. झरगडात फटाके वाजले. पहिल्याच दसऱ्याला डोंगराकडचे लोक येऊन म्हणाले, "राजा, डोंगर खोदू देऊ नको." राजेसाहेब हो म्हणाले. सोमवारी मुंबईत गेल्यावर त्यांना कळलं की डोंगर खोदायचा निर्णय त्यांच्याच खात्याने त्यांच्याच सहीने मागच्या गुरुवारी घेतला आहे. मुंबईहून बरेच फोन झाले. त्यानंतर काही महिन्यांनी मंत्रिमहोदयांचे स्वीय सहायक भैयाजी बाबूभाईंच्या दुकानात आले. याआधी ते कधी आले नव्हते. त्यांचे सफारी नागपूरला शिवत.

"बाबूभाई, साहेबांच्या मानेत गॅप आली."

"या अल्ला! कधी?"

"डॉक्टर म्हणतात, तासभर मान ताठ धरून बसायचं नाही. दिवसभर वजन तर नाहीच नाही. वरतून हेलिकॉप्टरचं टाइमिंग. रस्त्यानं येणं बंद झालं न आता, नक्षल्यांचे सुरुंग असतात. तुम्हीच सांगा, काय करायचं?"

"बांधत नाई मग यंदा."

"तसं कसं? लोक येतात. फोटो असतो." भैयाजींनी खुर्ची जवळ ओढली. "एक शिवून द्या न. टोपीसारखी. घातली, काढली."

"पगडी शिवत नाई, भैयाजी. बांधतेत."

"मानेचं दुखणं आहे हो, बाबूभाई. तुमचेच राजे आहेत."

या मानेवर बाबूभाईंचा हात उभ्या उमरीत फिरला होता. तिच्यावरचा तीळ, डावीकडची शीर, उन्हाळ्यात येणारं घामोळं, सगळं त्यांना आपल्या घराच्या उंबरठ्यासारखं ठाऊक. त्या मानेत गॅप आली म्हटल्यावर त्यांना दुसरं काही सुचलं नाही. म्हणाले, "देतो."

सुताराकडून सागाचा ठोकळा करून घेतला. माप घ्यायला राजेसाहेबांची गरज नव्हती. ते बोटात होतं. आतून मऊ अस्तर, मध्ये ताठपणासाठी बुकरम, वरून एकेक पेच टाक्याने बसवलेला, आणि टाका असा की सुई कुठून गेली ते तिचं तिलाच सापडू नये. अमिनाने शेवटची कांजी दिलेलं कापड पेटीत होतं. ते त्यांनी ठेवून दिलं होतं, का ते ठाऊक नव्हतं. तेच वापरलं. पगडी झाली तेव्हा ठोकळ्यावर तिच्याकडे बघून त्यांना वाटलं, असं काम आपल्या हातून कधी झालं नाही. ते खरंच होतं.

त्याच महिन्यात कब्रस्तानात चुन्याच्या रेघा पडल्या. ओव्हरसियर खुंट्या ठोकत होता. विचारलं तर म्हणाला, "हेलिपॅड. राजवाड्याजवळ दुसरी सपाट जागा नाही. ही जागा नोंदीत पडीक आहे."

"पडीक कशी? मानसं हायेत तिथं."

"नोंदीत नाहीत," ओव्हरसियर म्हणाला.

मोहल्ल्यात गडबड उडाली. कुणी म्हणे कोर्टात जाऊ, कुणी म्हणे चंद्रपूरला मोर्चा नेऊ. बाबूभाई शांत. "दसरा येऊन राह्यला न," ते म्हणाले. "पोचूले सांगतो. तो मागन, राजा देईन."

पोचू बाजाराच्या दिवशी दुकानात येऊन सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत बसे. त्याने ऐकून घेतलं.

"मी काऊन? तूच माग न गा. त्याचं डोस्कं तं तुयाच हातात असते."

"म्हनूनच मले मागता येत नाई."

"लय उलटी रीत आहे बाप्पा तुमची."

"आमची कायची? तुमचीच हाय. आमी फक्त बांधतो."

पोचूने खर्रा गालात सारला. "मागतो. त्याच्यात काय? धरन मागतलं तं देल्लं, तुयी बायको तं एवढीशी जागा घेते."

दसऱ्याला राजेसाहेब शाळेच्या मैदानात हेलिकॉप्टरने उतरले. बाबूभाई खोलीत गेले, आणि पगडी राजेसाहेबांच्या डोक्यावर ठेवली. काम संपलं. बोलायला वेळच उरला नाही. एवढ्या वर्षांत त्या खोलीत बोलणं संपायच्या आत पगडी झाली, असं पहिल्यांदाच घडलं.

"हलकी झाली रे," राजेसाहेब आरशात बघत म्हणाले.

"मानेसाठी केली, सरकार."

"कोनाच्या मानेसाठी?"

दारात उभे असलेले भैयाजी खोकले. राजेसाहेबांनी भैयाजींकडे पाहिलं, मग बाबूभाईंकडे, आणि मान धरून म्हणाले, "हो हो. मान. लई दुखते."

धरली होती ती मान नव्हती, खांदा होता.

बाहेर मांडवात खुर्ची, माइक, पाण्याच्या बाटल्या. फोटो झाले. पगडी फोटोत इतकी सुंदर आली की पुढे ती निवडणुकीच्या पोस्टरवर वापरली गेली. मग पोचू उठला, नेहमीसारखा पुढे जाऊन मातीत बसला, आणि म्हणाला,

"राजा, तुया आज्यानं बाबूच्या लोकाईले मेलेले ठेवाले जागा देल्ली. थे त्याईच्यापासून घेऊ नको."

बाबूभाई मागच्या रांगेत होते. त्यांनी डोळे मिटले नव्हते, ही त्यांची चूक. राजेसाहेबांनी दोन्ही हात वर नेले, पगडी उचलली, भैयाजींकडे दिली. भैयाजींनी ती रेक्झिनच्या पिशवीत ठेवली आणि त्याच पिशवीतून टोपी काढून दिली.

दसऱ्याला ते डोकं लोकांनी पहिल्यांदाच उघडं पाहिलं. टक्कल पडलं होतं.

टोपी नीट करून राजेसाहेब माइकमध्ये म्हणाले, "पोचूजी, आपली भावना अत्यंत रास्त आहे. या संदर्भात शासन स्तरावर सर्व बाबी तपासून सकारात्मक विचार करण्यात येईल."

टाळ्या झाल्या. पोचूला अजून कुणी जी लावला नव्हता. तो मागे वळून आपल्यामागे दुसरं कुणी बसलंय का ते बघू लागला. मग बाबूभाईंजवळ येऊन टेकला.

"हो म्हनला का नाई म्हनला?"

"काईच नाई म्हनला."

"पगडी काऊन उतरली पन? थे तं उतरत नाई न?"

"मी शिवली म्हनून," बाबूभाई म्हणाले.

पोचू शिवी देईल असं वाटलं. त्याने कंबरेची खर्र्याची पुडी काढून त्यांच्या हातात दिली. बाबूभाई खर्रा खात नसत. त्या दिवशी खाल्ला.

हेलिपॅड झालं. रोलर फिरला, मोह तोडला, मुरूम पडला, मध्ये चुन्याने मोठा एच काढला. भोवती वर्तुळ करायला दगड हवे होते, ते जागेवरच होते. ओळीने लावून पांढरे रंगवले. सरकारी कामात सामान वाया गेलं नाही असं झरगडात ते एकच काम. अमिनाचा पसरट दगड राजवाड्याच्या अंगाला होता. बाबूभाई जाता येता त्याच्याकडे बघत. तिला पांढरा रंग आवडत नसे.

राजेसाहेब मग खूप मोठे झाले. दोन खाती मिळाली, एका समितीवर दिल्लीलाही गेले. आदिवासींच्या प्रश्नांवर त्यांची भाषणं परदेशी पाहुण्यांना ऐकवत. दर दसऱ्याला ते आकाशातून उतरत, पगडीत फोटो काढत, टोपीत अर्ज घेत. कुणाला नाही म्हणाले, असं कुणी सांगू शकत नसे. मागणारे हळूहळू कमी झाले. याला त्यांच्या अहवालात 'समस्यांचे निराकरण' म्हटलं होतं.

एकदा दुकानासमोर गाडी थांबली. काच खाली झाली. राजेसाहेब म्हणाले, "बाबू, एकदा ये रे. बांध कधी."

"मान, सरकार?"

काच वर गेली. एवढंच.

दोन हजार चारच्या पावसाळ्यात राजेसाहेब नागपूरच्या दवाखान्यात वारले. येताना हेलिकॉप्टर मिळालं नाही. ते पाहुण्यांना आणायला राखून ठेवलं होतं. राजेसाहेब कित्येक वर्षांनी रस्त्याने झरगडला आले, खड्ड्याखड्ड्यांतून, ॲम्ब्युलन्समध्ये आडवे. रस्ता त्यांच्याच खात्याकडे होता.

राजाला शेवटच्या वाटेला पगडीत न्यायचं, ही रीत. भैयाजींनी पिशवीतून शिवलेली काढली. पण आजाराने राजेसाहेब आटले होते. ती डोळ्यांवर घसरून नाकावर येऊन थांबे. युवराजांनी कपाळाला हात लावला. "फोटोग्राफर आलेत. कुणाला तरी बोलवा."

बाबूभाई आले. काखेत नवं कापड, कांजी त्यांनीच दिलेली. म्हणाले, "बांधताना दोघंच रायतेत." सगळे बाहेर गेले. त्यांनी राजेसाहेबांचं डोकं मांडीवर घेतलं. सकाळची वेळ होती, खिडकीतून पांढऱ्या दगडांचं वर्तुळ दिसत होतं.

"सैल बांधू का सरकार?" त्यांनी विचारलं, आणि आवळून पहिला पेच घेतला.

तासभर लागला. त्या तासात त्यांनी मुलाचं, कैफचं, चंद्रपूरचं दुकान, गुडघ्याचं दुखणं, पोचूची नात नर्स झाली ते, असं साठलेलं सगळं सांगून टाकलं. शेवटचा पेच खोचला. मग घराण्यात कुणी केलं नव्हतं ते केलं.

"सरकार, कधी काई मांगतलं नाई. आज मांगतो. अमिनाची जागा वापस द्या."

बाबूभाई थांबले. रीत म्हणून थांबायला हवं तेवढे थांबले, त्याहून थोडे जास्त.

राजेसाहेब नाही म्हणाले नाहीत.

ओसरीवर पोचू आणि जंगलातून चालत आलेली माणसं बसली होती. बाबूभाईंनी त्याला बाजूला घेतलं.

"जागा मांगतली."

"तू?"

"मी."

पोचूने विचार केला. "पगडी होती डोक्यावर?"

"होती."

"शिवलेली?"

"बांधलेली."

"नाई म्हनला?"

"नाई म्हनला नाई."

"तं मंग झालं न," पोचू म्हणाला, आणि उठला. त्याच्यामागे ती सगळी माणसं उठली. कुणी विचारलं नाही, कुठे. मोहल्ल्यातलेही आले. वर्तुळातले दगड उपटून, ज्याला जशी आठवत होती तशी जागा दिली. अमिनाचा दगड एचच्या डाव्या खांबावर आला. बाबूभाईंनी बसून नखाने थोडा चुना खरवडला.

मुंबईच्या पाहुण्यांचं हेलिकॉप्टर आलं तेव्हा खाली दगड आणि माणसं. त्याने दोन-तीन घिरट्या घातल्या आणि पलीकडच्या धानाच्या बांधीत, भातखाचरात, उतरलं. पाहुणे गुडघाभर चिखलातून आले. एकाचा बूट बांधीतच राहिला. युवराज पांढरेफटक.

"कुणाच्या परवानगीनं केलं हे?"

"तुया बापाच्या," पोचू म्हणाला.

"कधी दिली?"

"आज सकाळी."

युवराजांनी भैयाजींकडे पाहिलं. भैयाजींनी सवयीने पिशवी उघडली. या वेळी तिच्यात उपयोगाचं काही नव्हतं.

तेरवीपर्यंत लोकलाजेने दगड राहिले. चौदाव्या दिवशी पोलिसांच्या बंदोबस्तात रोलर आला. ओव्हरसियर नवा होता. त्याने विचारलं, परवानगी असेल तर कागद दाखवा. मोहल्ल्यातल्या पोरांनी बाबूभाईंकडे पाहिलं. बाबूभाई म्हणाले, "पगडीत देल्ल्याचा कागद नसते," आणि रोलरच्या पुढ्यात जाऊन बसले. दोघा शिपायांनी त्यांना उचलून सावलीत ठेवलं. नीट ठेवलं, त्यातल्या एकाची वर्दी त्यांनीच ढिली करून दिली होती. दगड या वेळी वर्तुळाला वापरले नाहीत. फोडून खडी केली.

सहानुभूतीच्या लाटेत युवराज निवडून आले. दसऱ्याच्या तोंडावर भैयाजी दुकानात हजर.

"तीच पगडी द्या थोडी मोठी करून. साहेबांचं डोकं मोठं आहे. मागून इलॅस्टिक लावा म्हणजे झालं."

"शिवलेली आता भेटत नाई," बाबूभाई मशीनवरून मान वर न करता म्हणाले. "बांधलेली पायजे तं दसऱ्याले सकाळी येऊन बसा म्हना. एक घंटा लागते. आन् सांजवरी उतरत नाई."

"साहेबांना एवढा वेळ नाही हो."

"मालूम हाय."

पगडी नागपूरहून आली. इलॅस्टिकची. चांगली बसली.

बाबूभाई अजून आहेत. मोहल्ल्याचं नवं कब्रस्तान सरकारने मंजूर केलंय, नाल्यापलीकडे, पावसाळ्यात जाता येत नाही तिथे. परवा पोचूने त्यांना विचारलं, "बाबू, लय म्हतारा झाला गा. केव्हा मरतं?"

"पावसाळ्यात तं नाईच," बाबूभाई म्हणाले, आणि कुणाच्यातरी चड्डीला गुंडी लावायला सुईत दोरा ओवू लागले.